पिक लाईन फ्लश केल्यावर थंडी वाजून ताप आला तर घरी थांबू नका : बाबांचा अनुभव आणि काही प्रश्न

कृष्णाकाठ
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, पण ज्यांच्या घरात किमो चालू आहे त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

बाबांना (वय ६१) नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे. मुंबईत निदान झालं. आर-चॉप नावाच्या औषधांच्या सहा किमो ठरल्या, दर २१ दिवसांनी एक. पहिल्या किमोलाच हाताची शीर मिळेना. त्यातलं लाल औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं, म्हणून डॉक्टरांनी उजव्या दंडात पिक लाईन घातली. नळी दंडातून आत जाते आणि तिचं टोक थेट हृदयाच्या दाराशी थांबतं, हे त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं होतं. ते चित्र आईने अजून जपून ठेवलंय.

किमो मुंबईत आणि मधले वीस दिवस घरी, सांगलीजवळच्या आमच्या गावी. आठवड्यातून एकदा ड्रेसिंग बदलायचं आणि लाईन फ्लश करायची, म्हणजे सिरिंजने सलाईन ढकलून नळी धुवायची. ते काम तालुक्याच्या एका दवाखान्यात व्हायचं.

तिसऱ्या किमोनंतर पाचव्या दिवशी अंघोळ करताना ड्रेसिंगची एक कड सुटली आणि आत पाणी गेलं. रविवार होता. आईने वरून कापूस ठेवून चिकटपट्टी लावली. सोमवारी अकराच्या सुमारास दवाखान्यात ड्रेसिंग बदललं, फ्लश झाला. घरी पोचतोय तोच बाबांचे दात वाजायला लागले. मे महिना, अंगणात पाय ठेववत नाही असं ऊन, आणि बाबा दोन वाकळा पांघरून कुडकुडतायत. खाटेचे पाय फरशीवर खडखड वाजत होते. ताप १०२. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, ऊन लागलं असेल, तापाची गोळी द्या. दिली. चार वाजता दरदरून घाम आला, ताप उतरला. संध्याकाळी बाबा भाकरी-आमटी जेवले आणि आम्ही ते विसरून गेलो.

पुढच्या सोमवारी, म्हणजे किमोनंतर तेराव्या दिवशी, पुन्हा फ्लश झाला आणि पाऊण तासात पुन्हा तेच. या वेळी गोळीने ताप हलला नाही. बाबा असंबद्ध बोलायला लागले. गाडीत बसताना आई एवढंच म्हणाली, "नळीत पाणी घातलं की थंडी वाजते गं यांना." माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला.

मिरजेत पोचलो तेव्हा बीपी ८०/५० होतं आणि न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त २००. तिथल्या तरुण डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, "लाईन शेवटची कधी फ्लश केली?" हातातून आणि लाईनमधून एकाच वेळी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढतात का ते तपासायला, रक्त घेतलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. लाईनमधल्या रक्तात हाताच्या रक्तापेक्षा साडेतीन तास आधी जंतू वाढले. क्लेबसिएला नावाचे जंतू. लाईन काढली. बाबा नऊ दिवस ॲडमिट होते, चौथी किमो दोन आठवडे पुढे गेली. आता ते घरी आहेत, चालतात, पेपर वाचतात.

मी हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. पण पहिल्या सोमवारीच फोनवर कोणी विचारलं असतं, की नळी आहे का आणि फ्लश कधी झाला, तर पुढचे आठ दिवस आम्ही घरात जंतू घेऊन बसलो नसतो. हे मला रात्री झोपू देत नाही.

माझे प्रश्न : १) फ्लशनंतरच थंडी का वाजते? २) आता पुन्हा लाईन घालायचीय, तर पिक घ्यावी की पोर्ट (कातडीखाली बसवायची डबी)? ३) गावात राहून ड्रेसिंगची काळजी कशी घ्यायची?

---

पांढरा_मोगरा
रविवार, रात्री ११:१५

ताई, आधी एक. ड्रेसिंग रविवारी सुटलं हा तुमच्या आईचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, की ड्रेसिंग ओलं झालं तर वरून पट्टी लावायची नसते, ते त्याच दिवशी बदलून घ्यायचं असतं. हे सांगणं आमचं काम.

मी १४ वर्षं कॅन्सरच्या डे-केअरमध्ये सिस्टर आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. नळीच्या आतल्या भिंतीला जंतू चिकटले की स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ धरतं तसं. नळी नुसती पडून असते तेव्हा ते तिथेच बसून असतात, माणूस बरा दिसतो. सिरिंजने सलाईन ढकललं की थरातले जंतू सुटून एकदम रक्तात जातात, तेही हृदयाशीच. अर्ध्या-एक तासात थंडी भरते. म्हणून तुमच्या आईचं ते वाक्य म्हणजे निदानच आहे. आमच्याकडे कोणी नातेवाईक असं म्हणाले तर आम्ही त्या लाईनला त्या दिवशी पुढे हात लावत नाही, आधी डॉक्टरांना बोलावतो.

आता जंतू आत कसे जातात. नळी घातल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत ते बहुतेक कातडीवरून, नळीच्या बाहेरच्या बाजूने सरकत जातात. पुढे जास्त करून हबमधून जातात, म्हणजे जिथे सिरिंज जोडतो त्या तोंडातून. तुमच्या बाबांचे तर दोन्ही रस्ते उघडे होते. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर या गोष्टी डोळ्यांनी बघा :

सिस्टरने हात धुतले का, नवे ग्लोव्हज घातले का. हबचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने नुसतं पुसलं की घासलं? संत्र्याचा रस काढताना मनगट फिरवतो तसं, १५ सेकंद घासायचं आणि मग वाळू द्यायचं. ओल्यावर सिरिंज लावली तर घासण्याचा अर्धा उपयोग वाया जातो. सिरिंज १० मिलीचीच हवी, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते. थोडं ढकल, थांब, थोडं ढकल, असं करत फ्लश करायचा, म्हणजे आत भोवरा होऊन भिंत धुतली जाते. फ्लश जात नसेल तर जोर लावायचा नाही.

पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस चालतं. खाली गॉज असेल तर दोनच दिवस. आणि ओलं, मळकं किंवा सुटलेलं दिसलं तर त्याच क्षणी बदलायचं, वार बघायचा नाही. कातडी स्वच्छ करायला अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन वापरावं. ते लावल्यावर फुंकर मारून वाळवणारे मी पाहिलेत. कृपया कोणालाही तसं करू देऊ नका, फुंकरीतून तोंडातले जंतू तिथे पडतात.

सिस्टरला सांगायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. "सिस्टर, जरा घासून घ्याल का, मागच्या वेळी इन्फेक्शन झालं होतं" एवढं म्हणा. मला कोणी म्हटलं तर मला राग येत नाही. ज्यांना येतो त्यांना येऊ दे.

---

तिळारी
सोमवार, सकाळी ७:५०

माझ्या पत्नीला ब्रेस्ट कॅन्सर होता, आम्ही दोडामार्गचे, उपचार गोव्यात घेतले. तिला पोर्ट बसवला होता. गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, जुन्या रुपयाएवढी डबी. वापर नसताना बाहेर काहीच नसतं. जखम भरल्यावर ती रोज डोक्यावरून अंघोळ करायची. दीड वर्षात एकदाही इन्फेक्शन झालं नाही.

पण पोर्टचंही सांगतो. त्याला ह्यूबर नावाची खास वाकडी सुई लागते. साधी सुई टोचली तर वरच्या सिलिकॉनचा तुकडा निघतो आणि डबी गळायला लागते. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात साधी सुई घेऊन आले होते, मी हात धरून थांबवलं. तेव्हापासून दोन ह्यूबर सुया घरच्या डब्यात ठेवायचो, तारीख बघून. किमो नसताना महिन्याला एक फ्लश. आणि पोर्टवरची कातडी लाल, गरम, ठणकणारी झाली तर आत पू धरलेला असू शकतो. तिथे सुई टोचू द्यायची नाही, आधी सर्जनला दाखवायचं.

खर्च पिकपेक्षा बराच जास्त, आणि बसवायला-काढायला छोटं ऑपरेशन. उरलेल्या किमो किती, यावर ठरवा.

---

जुनी_पायवाट
सोमवार, सकाळी १०:२०

आमच्या सासूबाईंच्या दंडाला नळी आहे. तोंडाशी थोडं लाल दिसतं म्हणून जाऊबाईंनी हळद लावली. चालेल ना? आणि त्याच हाताला देवीचा गंडा बांधलाय, तो सोडायला त्या तयार नाहीत.

---

पांढरा_मोगरा
सोमवार, सकाळी १०:३५

नाही चालणार ताई. हळद, भस्म, खोबरेल, कुठलंही मलम, काहीच नको. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्या पिवळ्या रंगात लाली झाकली जाते. आजच दवाखान्यात नेऊन स्वच्छ करून घ्या, लाली किती सेंटीमीटर आहे ते मोजायला सांगा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लाली नळीच्या मार्गाने वर चढतेय का ते उद्या त्या फोटोशी ताडून बघता येईल. ताप आला किंवा पू दिसला तर उद्याची वाट बघायची नाही.

गंडा दुसऱ्या हाताला बांधा. सासूबाईंना म्हणावं, देवीला दोन्ही हात सारखेच. ओला दोरा ड्रेसिंगला घासत राहणं वाईट. त्याच हातावर बीपीही मोजू देऊ नका.

---

पेट्रीडिश
सोमवार, दुपारी ३:०५

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे, कल्चरच्या बाटल्या आमच्याकडे येतात. कृष्णाकाठ, तुम्ही 'साडेतीन तास आधी' लिहिलंत त्याचा अर्थ सगळ्यांसाठी सांगते.

लाईनमधून एक आणि हाताच्या शिरेतून एक, सारखंच रक्त, एकाच वेळी घेतात. बाटल्या यंत्रात ठेवतात, जंतू वाढले की यंत्र वेळ नोंदवतं. लाईनची बाटली दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आली तर उगम लाईनमध्ये आहे असं धरतात, कारण तिथे जंतूंची संख्या जास्त असते. यासाठी दोन्ही बाटल्या लागतात आणि त्या अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी घेतलेल्या हव्यात. अनेकदा आमच्याकडे एकच बाटली येते, तीही दोन दिवस औषध चालू असताना. मग त्यातून आम्हाला काही सांगता येत नाही. पण कल्चरसाठी औषध तासन्‌तास अडवूनही ठेवायचं नसतं. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रुग्णाला ताप आला तर पोचल्यापासून तासाभरात पहिला डोस जायला हवा.

लाईन काढायची की वाचवायची हे जंतू कोणता यावर ठरतं. कातडीवरचा सौम्य स्टॅफिलोकोकस असेल तर नळीत अँटिबायोटिक भरून ठेवून, म्हणजे लॉक करून, ती कधीकधी वाचवता येते. स्टॅफ ऑरियस हा जास्त घातक जंतू किंवा कँडिडा बुरशी असेल तर काढावीच लागते. रुग्णाचं बीपी ढासळलं असेल तरीही तेच. पाश्चात्त्य पुस्तकांत कातडीवरचे जंतू पहिल्या क्रमांकावर असतात. आपल्याकडे क्लेबसिएला, ई. कोलाय, स्यूडोमोनास हे बरेच जास्त दिसतात आणि त्यांतले कितीतरी नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून मिरजेच्या त्या डॉक्टरांनी लाईन काढली ते योग्यच केलं.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या फ्रीमाँट गावी २००० आणि २००१ मध्ये एका कॅन्सर क्लिनिकच्या ९९ रुग्णांना हेपॅटायटिस सी झाला. कारण काय, तर रुग्णाच्या लाईनमधून रक्त काढलेली सिरिंज पुन्हा सलाईनच्या पिशवीत बुडवून फ्लश भरायचे आणि तीच पिशवी पुढच्या रुग्णाला वापरायचे. किमो घेऊन जगायला आलेली माणसं ती. म्हणून फ्लश भरताना सलाईन कुठून घेतलं ते बघा. सकाळी उघडलेली, सुई खोचून ठेवलेली, दिवसभर सगळ्यांना वापरलेली बाटली दिसली तर नको म्हणा. १० मिलीची सीलबंद एकेरी कुपी केमिस्टकडे मिळते. ती स्वतः घेऊन जा, तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि उरलेलं टाकून द्यायला सांगा.

आणि हे थांबवता येतं. मिशिगनमध्ये पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी शंभरावर आयसीयूंत लाईनसाठी पाच साध्या गोष्टी सक्तीच्या केल्या : हात धुणे, लाईन घालताना पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडीन, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच लाईन काढणे. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. दीड वर्षात संसर्ग दोन तृतीयांशाने घटले होते. एकही नवं औषध नव्हतं त्यात.

---

माणदेश
सोमवार, संध्याकाळी ६:३०

सगळं वाचलं. माझं स्पष्ट मत, खेड्यातल्या पेशंटला पिक लाईन घालूच नये. मुंबई-पुण्याचे डॉक्टर नळी लावून देतात आणि एसटीत बसवून पाठवतात. इकडे दर आठवड्याला ४० किलोमीटर जायचं, तिथे सिस्टर असेल-नसेल. माझा भाऊ याच फेऱ्यांत दमला.

---

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री ८:१०

माणदेशदादा, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. फेऱ्यांचं म्हणताय ते अगदी खरं आहे. पण नळी नसती तर बाबांच्या हाताची काय दशा झाली असती ते मी पहिल्या किमोला पाहिलंय. सहा वेळा टोचलं होतं, मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं. मला राग आहे तो मुंबईहून पाठवताना दिलेल्या कागदाचा. इंग्रजीत दोन पानं. बाबा मराठी शाळेत सातवी शिकलेले, आई चौथी. त्या कागदात तापाचा १००.४ हा धोक्याचा आकडा होता, मी मिरजेत ॲडमिट असताना पहिल्यांदा नीट वाचला.

---

वाटसरू_लीड्स
मंगळवार, मध्यरात्री १:२५

मी इंग्लंडात असते, माझ्या नवऱ्याला इथेच किमो झाली. इथे पहिल्या दिवशी खिशात मावेल असं एक कार्ड देतात, त्यावर चोवीस तासांचा फोन नंबर. ताप आला की आधी तिथे फोन करायचा, गोळी नंतर. पॅरासिटामॉल तापाचा आकडा झाकतं, म्हणून आधी थर्मामीटर. आकडा नॉर्मल असला तरी थंडी वाजून कापरं भरलं तर तोही धोकाच धरतात. कॅज्युअल्टीत ते कार्ड दाखवलं की वाट बघत बसावं लागत नाही.

पिक की पोर्ट याबद्दल : ब्रिटनमधल्या हजारावर किमो रुग्णांवर मोठा अभ्यास झाला होता, २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पोर्टमध्ये एकूण गुंतागुंती पिकपेक्षा आणि हिकमनपेक्षा (छातीतून बाहेर येणारी नळी) स्पष्टपणे कमी होत्या. नवऱ्याला पिक होती आणि घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्समुळे ती निभावली. ती सोय नसेल तर मीही पोर्टच म्हणेन.

कृष्णाकाठ, तसं कार्ड तुम्हीच का करत नाही? मराठीत.

---

निळीशाई
मंगळवार, सकाळी ९:००

एक शंका. इन्फेक्शन होऊ नये म्हणून लाईन असेपर्यंत अँटिबायोटिकची गोळी रोज घेतली तर?

---

पेट्रीडिश
मंगळवार, सकाळी ९:४५

नको. केवळ लाईन आहे म्हणून रोज अँटिबायोटिक देत नाहीत. त्याने दाद न देणारे जंतूच निवडून वाढतात आणि गरजेच्या वेळी औषध उरत नाही. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशी बरेच दिवस शून्याशी राहतात, तिथे तुमचे डॉक्टर वेगळा विचार करून गोळी देतात. ती मात्र मनाने बंद करू नका.

---

कृष्णाकाठ
पुढचा शनिवार, दुपारी ४:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. कल्चर निगेटिव्ह आल्यावर डॉक्टरांनी काही दिवस मध्ये जाऊ दिले आणि गुरुवारी बाबांना पोर्ट बसवला. अजून तीन किमो बाकी आहेत, पुढेही फ्लशसाठी महिन्यातून एकदाच जावं लागेल, हा हिशेब त्यांनाही पटला. तिळारीदादा, ह्यूबर सुया घेऊन ठेवल्यात. १० मिलीच्या कुप्यांचा एक खोकाही.

लीड्सच्या ताईंनी सुचवलेलं कार्ड केलं. भावाने जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आईला चष्म्याविना वाचता येईल असं :

"यांची किमो चालू आहे. छातीत पोर्ट आहे. ताप १००.४ किंवा थंडी वाजून कापरं : ताबडतोब रुग्णालय. आधी पोर्टमधून आणि हातातून कल्चर, मग तासाभरात अँटिबायोटिक. पोर्टला साधी सुई टोचू नये." खाली मुंबईच्या डॉक्टरांचा, मिरजेच्या रुग्णालयाचा आणि माझा नंबर. मागच्या बाजूला किमोची तारीख. त्यापुढचा सातवा ते चौदावा दिवस लाल शाईने, कारण तेव्हा पेशी सगळ्यात खाली असतात.

एक कार्ड बाबांच्या बंडीच्या खिशात, एक आईच्या पाकिटात, एक फ्रीजवर. थर्मामीटर फ्रीजच्या शेजारी दोऱ्याने टांगलाय.

पांढरा_मोगरा ताई, एक शेवटचं विचारते. काल तालुक्याच्या त्याच दवाखान्यात टाक्यांचं ड्रेसिंग करायला गेलो होतो. तिथल्या सिस्टर नव्या आहेत, विशीतल्या. मी घासण्याचं सांगितलं तर म्हणाल्या, आम्हाला हे कोणी शिकवलंच नाही, तुम्ही लिहून द्याल का? तुमचा वरचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या टेबलामागे लावला तर चालेल का तुम्हाला?

---

पांढरा_मोगरा
शनिवार, संध्याकाळी ७:०५

लावा ताई. आणि त्यांना माझा नंबर द्या, मेसेज करून ठेवते तुम्हाला. मंगळवारी माझी सुट्टी असते, व्हिडिओ कॉलवर दाखवेन त्यांना हब कसा घासायचा ते. दोन-तीन सिस्टर असतील तर सगळ्यांनाच बसवा.